खोट्या पुडीची बाजू

पुण्यात त्वचेची ट्रायल मे महिन्यात सुरू करून ऑगस्टमध्ये संपवली, तर पुडीत काहीही घाला, निकाल चांगलाच येतो. मेमध्ये चेहरे उन्हाने रापलेले आणि कोरडे असतात. ऑगस्टमध्ये बाहेर भुरभुर पाऊस, हवेत ओल, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. त्वचेतला ओलावा मोजणारं यंत्र हा फरक इमानाने दाखवतं. मधल्या बारा आठवड्यांत बाईने रोज कोलॅजेनची पुडी घेतली आणि मृगाचा पाऊसही पडला. यातलं श्रेय कोणाला द्यायचं, हे यंत्राला ठरवता येत नाही.

एका कंपनीच्या बैठकीत मी हे सांगितलं, तेव्हा समोरच्या तरुण मार्केटिंगवाल्याने विचारलं, "मग मॅडम, मेमध्येच सुरू करूया ना?" तो गंमत करत नव्हता. त्यांना प्लासिबोचा, म्हणजे तशाच दिसणाऱ्या खोट्या पुडीचा गट नकोच होता. सगळ्याच बायकांना खरी पुडी द्यायची, आधी मोजायचं, नंतर मोजायचं, फोटो काढायचे, झालं. वर असाही मुद्दा आला, की निम्म्या बायकांना नुसतं पीठ खायला घालणं नैतिकदृष्ट्या बरं दिसत नाही. त्या लांबलेल्या बैठकीत नैतिकतेचा उल्लेख तेवढाच झाला.

मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. ट्रायलच्या कागदांवर मोठी सही असते ती इन्व्हेस्टिगेटर डॉक्टरांची. पैसे देणारी कंपनी म्हणजे स्पॉन्सर, आणि तिच्या वतीने येऊन आमचे कागद उलटसुलट तपासतो तो मॉनिटर. "ताई, उद्या येताय ना? सकाळपासून तोंडाला काही लावू नका" हा फोन करण्यापासून परत आलेल्या रिकाम्या पुड्या मोजण्यापर्यंत उरलेलं सगळं कोऑर्डिनेटरचं. सुरुवातीची वर्षं मी मधुमेहाच्या औषधांवर काम केलं, मग पूरक आहाराकडे वळले: त्वचेसाठी कोलॅजेन, वनस्पतींचे अर्क, उतारवयातल्या स्नायूंसाठी प्रथिनं. औषधांकडचे जुने सहकारी याला अजून हलकं काम समजतात. मला ते जास्त अवघड वाटत आलंय. आजारी माणसाची वाढलेली साखर खाली येते किंवा येत नाही. इथे धडधाकट माणसाला आणखी थोडं धडधाकट करायचं असतं, आणि ते थोडं इतकं थोडं असतं की पाऊस, लग्नसराई, श्रावण, कशाखालीही झाकलं जातं.

औषधाला बाजारात येण्याआधी चाचण्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पूरक आहार मात्र कायद्याच्या लेखी अन्न आहे. आपल्याकडे एफएसएसएआयने त्याचे नियम २०१६ साली केले. ठरलेल्या यादीतले घटक ठरलेल्या प्रमाणात वापरले, तर आधी माणसांवर ट्रायल करून दाखवा म्हणून कोणी अडवत नाही. डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापली की झालं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशीच वाट मोकळी करून दिली. म्हणजे जी कंपनी ट्रायल करते, ती बहुधा हौसेने करते, आणि ती हौस जाहिरातीतल्या एका ओळीची असते: 'वैद्यकीय चाचणीत सिद्ध'. इथिक्स कमिटीच्या फायली, रक्ताच्या नळ्या, शंभरेक बायकांच्या डायऱ्या, हे सगळं त्या तीन शब्दांसाठी. मला त्यात गैर वाटत नाही. कोणी पैसे घातले नाहीत, तर हे मोजलंच जाणार नाही. ती ओळ कमावलेली असावी, एवढंच.

मोजणीची खोली हा या कामातला माझा आवडता भाग. तापमान २१-२२ अंश, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर दिवसभर घरघरतो आणि त्याची टाकी दुपारच्या आत भरते. स्वारगेटहून बस पकडून, दोन जिने चढून आलेल्या बाईला लगेच यंत्राखाली घेता येत नाही. अर्धा तास नुसतं बसवायचं. चहा नाही, तोंड धुणं नाही, जमलं तर फोनवर भांडणही नाही. थंडी वाजते म्हणून आम्ही शाली ठेवल्यात.

मग कॉर्निओमीटर. हे कोलोनच्या करेज अँड खझाका कंपनीचं यंत्र. ते त्वचेवर टेकवलं की विद्युतधारकता मोजतं. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या घरात, बाकी बहुतेक पदार्थांचा त्याहून फार कमी, म्हणून अगदी वरच्या थरात पाणी किती आहे याचा अंदाज येतो. त्याचं भावंड क्युटोमीटर. ते गालाची त्वचा दोन मिलिमीटरच्या भोकातून हलकेच आत ओढतं आणि सोडतं. ती कितपत आणि किती पटकन जागेवर जाते, यावरून लवचिकता ठरवतात. दर वेळी जागा तीच हवी, डोळ्याच्या कोपऱ्यापासून मोजून घेतलेली. शक्यतो हातही तेच हवेत. आमची टेक्निशियन बाळंतपणाच्या रजेवर जाणार हे कळलं, तेव्हा स्पॉन्सरने अभिनंदनाच्या आधी तारीख विचारली होती.

फोटोंची तऱ्हा वेगळी. हनुवटी आधारावर, केस बँडखाली, गळ्याभोवती काळं कापड, डोळे मिटलेले. टिकली काढायची, कानातलं काढायचं. मंगळसूत्र कापडाखाली जातं, ते काढावं लागत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नुसतं "दागिने काढा" म्हटलं की साठीच्या बाईचा चेहरा उतरतो आणि तोच उतरलेला चेहरा फोटोत येतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका टिकली काढल्यावर आरशासमोरून जायलाही तयार नव्हत्या. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये टिकल्यांचं पाकीट असतं. मॉनिटरने एकदा विचारलं होतं, हे कुठल्या खर्चात दाखवलंय. कुठल्याच नाही, म्हटलं.

कोलॅजेनच्या ट्रायलमध्ये संमतिपत्र वाचून झालं की पहिला प्रश्न धोक्याचा नसतो. "यात नॉनव्हेज आहे का?" हा असतो. आहे. कोलॅजेन प्राण्यांच्याच शरीरात तयार होतं. बाजारातलं मासे, गुरं, डुक्कर किंवा कोंबडी यांच्यापासून काढतात. बाजारात 'व्हेज कोलॅजेन' म्हणून जे मिळतं, त्यात बहुधा क जीवनसत्त्व, अमिनो आम्लं असा, शरीराला कोलॅजेन बनवायला लागणारा माल असतो. हे ऐकलं की शाकाहारी बायका "बरंय, निघते" म्हणून उठतात. राहतात त्या मासे-अंडी खाणाऱ्या, म्हणजे ज्यांच्या ताटात प्रथिनं आधीच बरी आहेत अशा. मग जो निकाल येतो तो यांच्यापुरता. डब्यावर मात्र तो सगळ्यांसाठी असतो.

राहिलेल्यांचाही आपला हिशोब असतो. "गुरुवारी आमच्यात खात नाहीत, त्या दिवशी पुडी नको घेऊ ना?" एकीचा गुरुवार, दुसरीचा सोमवार, तिसरीची चतुर्थी. मग श्रावण, जो पूर्णच गेला. नवरात्र, मार्गशीर्ष. दिवाळीत उटणं आणि त्याआधी पार्लरमध्ये फेशियल. लग्नसराईत घरच्या हळदीला हळद फक्त नवरीच्याच तोंडाला लागते असं थोडंच आहे! प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना ८० टक्के पुड्या पोटात जायला हव्या असतात आणि चेहऱ्याला काही नवीन लागलेलं नको असतं. पंचांग समोर ठेवून असा बारा आठवड्यांचा कोरा तुकडा शोधायला मी बसते, तेव्हा तो सापडत नाही. त्यातल्या त्यात कमी सणांचा घ्यायचा, आणि डायरीत खाडाखोड न करता खरं लिहा म्हणून विनवायचं.

प्लासिबो समजावून सांगताना मी कधीच कागद वाचत नाही. समोर बसून बोलते. "ताई, पुड्या दोन प्रकारच्या आहेत. दिसायला, चवीला सारख्या. एकीत कोलॅजेन आहे, दुसरीत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. तुम्हाला कुठली मिळणार ते संगणक ठरवतो. डॉक्टरांना माहीत नसतं, मलाही नसतं." जनता वसाहतीतून येणाऱ्या एका मावशींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मला खोटी पुडी पण मिळू शकते?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीतच नाही कुठली कोणाला?"

"नाही."

"मग तुम्हाला पगार कशाचा देतात?"

या न माहीत असण्याचाच देतात, हे त्यांना पटवायला थोडा वेळ लागला. मला माहीत असतं, तर खरी पुडी घेणाऱ्या बाईला मी नकळत जास्त हसून विचारलं असतं, "काही फरक वाटतोय का?" आणि तिने मला वाईट वाटू नये म्हणून "हो" म्हटलं असतं. आपल्याकडे विचारणाऱ्याचं मन मोडत नाहीत. एकदा दोन जावा एकाच ट्रायलमध्ये आल्या. दोघींनी घरी एकमेकींच्या पुड्या चाखून बघितल्या आणि दुसऱ्या व्हिजिटला येऊन जाहीर केलं, की धाकटीच्या पुडीला बोंबलाचा वास मारतो. त्यानंतर आमच्या प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये एका घरातून एकच व्यक्ती असा नियम आहे.

मी पाहिलेल्या बहुतेक ट्रायल्समध्ये प्लासिबोचा गटही सुधारतो. चेहऱ्याकडे रोज लक्ष जायला लागतं. पुडी पाण्यातून घ्यायची म्हणून सकाळी पेलाभर पाणी जास्त जातं. डायरीत झोप लिहायची असते, म्हणून बाई जरा लवकर आडवी होते. महिन्यातून एकदा कोणीतरी अर्धा तास बसवून "झोप लागते का, दमायला होतं का" असं विचारतं. घरात हे तिला कोणी विचारत असेल असं मला वाटत नाही. शिवाय ट्रायलमध्ये माणूस येतो तेच मुळी चेहरा वाईट दिसत असतानाच्या दिवसांत, आणि वाईट दिवस आपसूकही सरतात. खऱ्या पुडीला या सगळ्याच्या वर चढून दाखवायचं असतं.

उतारवयाच्या ट्रायल्समध्ये हे आणखी ठळक दिसतं. तिथे मोजतो मुठीची ताकद, चालण्याचा वेग, आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला लागणारा वेळ. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि बाईची १८ किलोपेक्षा कमी असली, तर स्नायूंची ताकद घटली असं धरतात. खुर्चीला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर शरीराची कामाची क्षमता कमी. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक काका पहिल्या व्हिजिटला पंधराच्या वर गेले आणि स्वतःवरच चिडले. पुढच्या वेळी दहाच्या आत! मी बघतच राहिले. "प्रॅक्टिस केली," ते म्हणाले, "रोज सकाळ-संध्याकाळ. ही घड्याळ धरते." सोसायटीतल्या आणखी दोघांनाही त्यांनी कामाला लावलं होतं. शेवटी कोणाला कुठली पुडी होती याचा कोड उघडला तेव्हा काका प्लासिबोत निघाले. प्लासिबोचा गट नसता, तर त्यांची सगळी मेहनत पुडीच्या नावावर जमा झाली असती. मुठीचं यंत्र दाबताना "दाबा, दाबा, अजून" हे शब्दसुद्धा आम्ही लिहून ठेवलेत आणि सगळ्यांना एकाच आवाजात म्हणतो. आमच्या टीममधला एक मुलगा नाटकात काम करणारा आहे. त्याला हे सगळ्यात जड जातं.

काहीच लागू पडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याचा तुटवडा आहे ते दिलं, तर शरीर उत्तर देतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले, असे तिन्ही प्रकारचे पुरुष त्यात होते, आणि सुमारे दोन-तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. आता अशा गावात 'तारुण्य टिकवणाऱ्या' गोळीची ट्रायल घ्यायची आणि गोळीत गुपचूप बी-१२ आहे, असं झालं तर काय होईल? माणसांना खरोखर तरतरी येईल. पण ते तारुण्य नव्हे, बुजवलेला खड्डा. म्हणून मी स्क्रीनिंगच्या रक्ततपासणीत बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन घालायचा आग्रह धरते. स्पॉन्सरला तो खर्च वाटतो. मला तर कधी कधी वाटतं, की बाईला आमच्या ट्रायलमधून मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे तो पहिला रिपोर्ट.

निकालाच्या दिवसांत माझं काम संपलेलं असतं, पण मी तक्ते मागून घेते. तिथली एक चलाखी मला आता लांबूनही ओळखू येते. खऱ्या गटात 'सुरुवातीच्या तुलनेत लक्षणीय सुधारणा', प्लासिबोत 'लक्षणीय नाही', आणि दोन गटांची एकमेकांशी तुलना कुठेच नाही. एका गटाची रेघ कशीबशी उंबरठ्याच्या वर, दुसऱ्याची किंचित खाली. दोघांतला फरक मात्र जवळपास शून्य. दुसरी चलाखी त्याहून साधी. यंत्रं भरपूर, मापं भरपूर. एकमेकांशी संबंध नसलेली वीस मापं घेतली आणि पुडीत काहीही नसलं, तरी पाच टक्क्यांच्या कसोटीवर त्यातलं निदान एक माप 'यशस्वी' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. ते एक माप जाहिरातीत जातं, बाकीची एकोणीस फायलीत. यावर उपाय म्हणजे मुख्य माप कुठलं, ते आधी जाहीर करणं. आयसीएमआरने २००७ साली सुरू केलेल्या ट्रायल रजिस्ट्रीत ते नोंदवता येतं, आणि एप्रिल २०१८ पासून ट्रायल सुरू झाल्यावर मागाहून नोंदणी करता येत नाही. पूरक आहाराच्या जाहिरातीत 'सिद्ध' दिसलं की तिथला नोंदणी क्रमांक शोधावा. रजिस्ट्री सगळ्यांना खुली आहे, फुकट आहे.

कोलॅजेनचंच घ्या. २०१४ साली जर्मनीतून दोन ट्रायल्स प्रसिद्ध झाल्या, दोन्ही प्लासिबो ठेवून केलेल्या. एकीत ३५ ते ५५ वयाच्या ६९ बायकांत आठ आठवड्यांनी लवचिकता वाढलेली दिसली. दुसरीत ११४ बायकांत डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांचं घनफळ सुमारे २० टक्क्यांनी कमी. कंपन्या आजही यांचेच दाखले देतात, आणि रचना चांगली होती हे मान्य करायला हवं. त्याआधी २०१३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशाच एका कोलॅजेनचा त्वचेबद्दलचा दावा तपासला होता. पुडी आणि परिणाम यांचा कार्यकारण संबंध प्रस्थापित होत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. मग २०२५ साली कोरियातल्या संशोधकांनी २३ ट्रायल्स, १,४७४ माणसं एकत्र करून बघितली. सगळ्या मिळून फायदा दिसला. पण ज्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता त्या वेगळ्या काढल्या, तेव्हा तो दिसेना. उच्च दर्जाच्या वेगळ्या काढल्या, तेव्हाही दिसेना. माझा पगार ज्या पैशातून येतो त्याच पैशाबद्दलचं हे वाक्य आहे. ते मी प्रिंट काढून ऑफिसच्या फळ्यावर लावलंय. अजून कोणी काढलेलं नाही.

"नैसर्गिक आहे, काय होणार?" या प्रश्नाचंही उत्तर मी तयार ठेवते. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजरातलाच पदार्थ. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांच्या ट्रायलमध्ये रोज २० मिलिग्रॅम दिलं. १९९४ साली निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच ट्रायल त्याच कारणाने १९९६ च्या जानेवारीत मध्येच थांबवली गेली. तिथेही प्लासिबोचा गट होता, म्हणून कळलं. नाहीतर सिगारेट ओढणाऱ्यांना कर्करोग होतो, त्यात नवीन काय, म्हणून सोडून दिलं असतं. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं २०१९ साली इटलीत नोंदली गेली. म्हणून त्वचेच्या साध्या ट्रायलमध्येही आम्ही यकृताच्या तपासण्या करतो, आणि बायका म्हणतात, चेहऱ्यासाठी एवढं रक्त कशाला?

नातेवाइकांत माझी ओळख 'कुठली पावडर घेऊ ते हिला विचारा' अशी झालीय. माझं उत्तर कोणाला आवडत नाही. आधी बी-१२ तपासा, उन्हात चेहरा झाका, सिगारेट सोडा, पुरेशी डाळ-अंडी खा, खुर्चीतून उठा-बसा. हे सांगायला इतकं शिकलीस का, असं माझ्या मामींनी तोंडावर विचारलंय.

ट्रायल संपून कोड उघडला, की आम्ही प्रत्येकीला कोणती पुडी होती ते कळवतो. सगळीकडे कळवतात असं नाही; आमच्या डॉक्टरांनी ते लावून धरलं. 'पगार कशाचा' विचारणाऱ्या मावशींना मी समोर बसवूनच सांगितलं. त्या प्लासिबोत होत्या. शेवटच्या प्रश्नावलीत त्यांनी 'खूप फरक' यावर खूण केली होती.

"म्हणजे तीन महिने मी पीठच खाल्लं?"

"हो मावशी."

"पण माझी नणंद म्हणाली, काय लावतेस गं तोंडाला."

"म्हणाल्या असतील. दिसतही होता तुम्ही छान."

त्यांनी जरा विचार केला. "मग हीच पुडी विकत मिळते का? खरीपेक्षा स्वस्त पडेल ना?"

मी म्हटलं, पुडीची गरज नाही; सकाळचं पाणी, वेळेवर झोप तेवढी चालू ठेवा, आणि उन्हात निघताना ओढणी बांधत जा.

"ओढणी तर मी मागच्या वर्षीपासून बांधते," मावशी म्हणाल्या, "ते तुमच्या कागदावर कुणी लिहून घेतलंय की नाही?"

घेतलं होतं. स्क्रीनिंगच्या फॉर्मवर, सतराव्या रकान्यात.